क्लासिकल ड्रेसाज आयुष्यभर शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

खोगीरवेडी:

नमस्कार मंडळी. माझं वय ४५. घोड्यांचं वेड लहानपणापासूनचं, पण रिकिबीत पाय ठेवायचा योग आला तो चाळिशी उलटल्यावर. सध्या क्लासिकल ड्रेसाज, म्हणजे घोड्याला स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर चालायला शिकवायची जुनी युरोपी पद्धत, शिकते आहे. आमच्या बाई जुन्या शिस्तीच्या आहेत. अजूनही निम्मा वेळ मी लंजवरच असते. लांब दोरी धरून बाई मधोमध उभ्या, घोडा त्यांच्याभोवती गोल फिरतोय, आणि मी रिकिबीतून पाय काढून, हातात लगाम न घेता नुसती बसलेली. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, उसळणं आत्ता कुठे कमी झालंय. माझ्याबरोबर सुरुवात केलेली मैत्रीण दुसरीकडे शिकते. ती स्पर्धांत उतरायलासुद्धा लागली.

परवा बाईंना विचारलं, "आपण पुढे कधी जायचं?" त्या म्हणाल्या, "कुठे जायचंय?" चिडून नाही, अगदी मनापासून विचारत होत्या. मला काही उत्तर सुचलं नाही.

म्हणून इथे विचारते. क्लासिकल ड्रेसाज म्हणजे साधना, जन्मभराचा अभ्यास, असं सगळे म्हणतात. पण प्रत्यक्ष खोगिरावर वर्षानुवर्षं नेमकं बदलत काय जातं? आणि दुसरं, पियाफ-पॅसाजसारख्या वरच्या पातळीच्या हालचाली राहू दे, या वयात सुरू करून निदान शोल्डर-इन नावाच्या व्यायामापर्यंत तरी धड पोचता येतं का? की हे साधना वगैरे म्हणणं न पोचणाऱ्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे? कुणाला दुखवायचं नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

सेंटरलाइन:

लंजवरचा वेळ फुकट जात नाही, एवढं आधी सांगतो. तिथे बसलेली मांड पुढे जन्मभर पुरते.

पण टेस्ट देणं, म्हणजे स्पर्धेत परीक्षकांसमोर ठरलेल्या हालचाली करून दाखवणं, हे काहीतरी हलकं असंही मानू नका. टेस्टमध्ये प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात आणि परीक्षक शेजारी शेरा लिहितात. "कोपऱ्यात लय बिघडली", "डावीकडे मान वाकडी" असं परक्या नजरेनं सांगितलेलं घरच्या मैदानात कळत नाही. मी प्रत्येक कागद जपून ठेवलाय. आणि क्लासिकलवाले विरुद्ध स्पर्धावाले ही भिंत वाटते तेवढी जुनीही नाही. क्लासिकल ड्रेसाजची जुनी शाळा असलेल्या व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची धुरा १९३९ ते १९६५ सांभाळणारे आलोइस पोधायस्की हे १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 'नीरो' नावाच्या घोड्यावर ड्रेसाजचं कांस्यपदक मिळवून आलेले होते.

बाईंची हरकत नसेल तर सगळ्यात खालच्या पातळीची एखादी टेस्ट जरूर द्या. नंबरासाठी नको, कागदावरचे शेरे वाचण्यासाठी द्या.

जुनी मांड:

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. शोल्डर-इनपर्यंत पोचाल. त्याला ताकद लागत नाही, चपळाईही फारशी लागत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७१व्या वर्षी ड्रेसाजच्या मैदानात उतरले होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. १९५२ साली हेलसिंकीत, ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला त्याच वेळी, त्यांनी रौप्यपदक मिळवलं. पोटरीनं सांगायची सोय नाही अशी बाई मांडीनं, कमरेनं, पाठीनं सांगत होती आणि घोड्याला ते पुरत होतं. यावरून ड्रेसाज कशाच्या जोरावर चालतं ते कळतं.

आता पहिला प्रश्न. काय बदलतं? माझं उत्तर असं की तुमच्याकडून घोड्याकडे जे जे जातं ते कमी कमी होत जातं. सुरुवातीला दर पावलाला टाच, हातात धरून ठेवलेलं तोंड, खांद्यांचे हेलकावे, असं सगळं चालू असतं. त्यातलं एकेक गळत जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस काहीच करत नाही. इथवर यायला वर्षं लागतात, कारण कमी सांगून भागायचं तर ते अगदी वेळेवर सांगावं लागतं.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर, ते सांगतो. साध्या वॉकमध्ये, म्हणजे पावलाच्या चालीत, घोड्याचा आतला (वर्तुळाच्या मधल्या बाजूचा) मागचा पाय जमीन सोडून पुढे यायला लागतो, तेव्हा त्याचं पोट बाहेरच्या बाजूला झुलतं. तुमचं आतल्या बाजूचं बैठकीचं हाड किंचित खाली आणि पुढे जातं. पोटाची फुगीर बाजू दूर गेल्यामुळे तुमची पोटरी, सैल असेल तर, आपोआप आत पडते. पोटरीनं सांगायचं ते तेव्हाच. तो पाय हवेत आहे, त्याला अजून लांब टाकता येतं, पोटाखाली टाकता येतं. तोच पाय टेकला आणि त्यावर भार आला की संपलं. त्या क्षणी घोडा तो पाय उचलूच शकत नाही, मग तुम्ही कितीही टाच मारा. अशी टाच खाऊन खाऊनच कित्येक घोडे पोटरीला बधिर होतात आणि लोक म्हणतात घोडा आळशी आहे.

मला हे मल्हार नावाच्या म्हाताऱ्या घोड्यानं शिकवलं. करड्या रंगाचा, पाठीला थोडा खोलगट, खालचा ओठ जरा लोंबणारा. सांगणं उशिरा पोचलं तर तो डोकं दोन बोटं वर करायचा आणि शेपटी एकदाच झटकायचा. बस, एवढंच. बिथरणं नाही, हिसडे नाहीत. आणि वेळ साधली की खोगिराखाली त्याची पाठ भरून यायची, मान मुळापासून लांब व्हायची, तो मोठ्यानं फुरफुरायचा आणि बिट, म्हणजे तोंडातली लगामाची कडी, सावकाश चघळायला लागायचा. ओठांच्या कडेला पांढरा फेस दिसायचा. जिभेवर साखर ठेवूनही हा फेस आणता येतो असं काही जण सांगतील. पण भरून आलेली पाठ साखरेनं येत नाही, आणि ती स्वाराला बुडाखाली कळते.

व्हिएन्नाच्या त्या शाळेत हीच रीत आहे. नवा शिकाऊ स्वार पहिल्यांदा मुरलेल्या घोड्यावर बसतो, आणि कोवळा घोडा मुरलेल्या स्वाराकडे जातो. ज्याला येतं तो दुसऱ्याला शिकवतो, मग तो दोन पायांचा असो की चार. शिकाऊ मुलांचा बराच काळ लंजवर, रिकिबीविना आणि लगामाविना जातो. म्हणजे तुम्ही आज जे करता आहात तेच. त्यांचं हिवाळी रिंगण १७३५ साली बांधून पूर्ण झालं. सम्राट सहाव्या चार्ल्सनं ते बांधून घेतलं, आणि आजही आत येणारा प्रत्येक स्वार त्याच्या तसबिरीला टोपी काढून मुजरा करतो. त्या छताखाली इतक्या पिढ्या लंजवर बसून गेल्या आहेत. आपल्याला मागे ठेवलंय, असं त्यांच्यातल्या कुणाला वाटत नसेल.

तत्त्वज्ञानाचं म्हणाल तर ते फार जुनं आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं लिहून ठेवलंय की घोडा जे जबरदस्तीनं करतो ते त्याला समजलेलं नसतं, आणि चाबूक मारून नर्तकाला नाचवलं तर त्या नाचात जितकं सौंदर्य असेल तितकंच त्यातही असतं. त्यानंतर कित्येक उस्ताद झाले आणि ते एकमेकांशी कडाडून भांडले. फ्रान्सचे बोशे आणि जर्मनीचे श्टाइनब्रेख्ट यांचं तर मुळीच पटलं नसतं. श्टाइनब्रेख्टनी बोशेंच्या पद्धतीवर सडकून टीका केली आहे. पण झेनोफनच्या त्या म्हणण्याला दोघांपैकी कुणीही नाही म्हटलं नसतं.

बोशेंचं उतारवयातलं एक सूत्र मी रोज वापरतो: हात बोलत असेल तेव्हा पाय गप्प, पाय बोलत असेल तेव्हा हात गप्प. पुढे हो आणि थांब हे दोन्ही एकदम ऐकवलं तर घोडा दोन्हीला बहिरा होतो. ऐकायला सोपं आहे. करून पाहा, आपले हात किती वेळा आपल्या नकळत बोलतात ते कळेल.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट मागणं ही नाहीच. मिळाल्यावर थांबणं अवघड. घोड्यानं एक पाऊल बरोबर टाकलं की त्याच क्षणी हात हलका, पोटरी शांत. आपल्याला मोह होतो: आणखी एक, आणखी दोन, आज जमतंय तर संपूर्ण भिंतभर करून घेऊ. इथे माणसाची परीक्षा होते. हावरेपणा, अधीरपणा, कुणीतरी बघतंय म्हणून दाखवायची घाई, हे सगळं लगामातून थेट बिटपर्यंत पोचतं. घोडा लबाडी करत नाही आणि तुमची लबाडी पाठीशीही घालत नाही. ऑफिसमधून डोक्यात राग घेऊन तबेल्यात गेलात तर खरारा करतानाच त्याच्या पाठीची कातडी थरथरते. म्हणून हा जन्मभराचा अभ्यास. घोडा शिकायला पाच-सात वर्षं पुरतात. स्वतःचा हात गप्प करायला किती लागतील ते ज्याचं त्याला माहीत.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. घोड्यानं आपल्याला पाठीवर बोलावलेलं नाही. आपण बसतो ते आपल्या आनंदासाठी. मग त्याच्या पदरात काय पडतं? क्लासिकल ड्रेसाजचं माझ्यापुरतं समर्थन एवढंच आहे की ते नीट केलं तर घोड्याला पाठीवरचा माणूस सोसायला शिकवतं, त्याचं शरीर सुधारतं आणि तो म्हातारपणीही धडधाकट राहतो. जे शिक्षण घोड्याला वयाच्या दहाव्या वर्षी लंगडा करतं त्याला, त्यातल्या हालचाली कितीही देखण्या असोत, मी क्लासिकल म्हणणार नाही.

सेंटरलाइन यांचं शेऱ्यांबद्दलचं म्हणणं मला पटतं. फक्त एक सांभाळा. गुणांच्या नादात घोड्याचं नाक छातीकडे ओढून घेण्याची सवय लागते. मान वळलेली दिसते, फोटो छान येतो, पण पाठ मेलेली असते. याची पारख करायला परीक्षक लागत नाही. ट्रॉट चालू असताना लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्या. बरोबर चाललेला घोडा बिटच्या मागोमाग मान पुढे आणि खाली लांबवत नेतो, आणि लय तीच राहते. डोकं झटकन वर गेलं किंवा घोडा पळायला लागला तर समजायचं की आतापर्यंत हातच त्याला धरून होता.

चारी पाय:

मी घोड्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे शरीराच्या बाजूनं थोडंसं.

उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात माणूस बसला की पुढचा भार आणखी वाढतो. पुढच्या पायांना धडाशी जोडणारं हाड नाही. घोड्याला गळपट्टीचं हाडच नसतं. दोन खांद्यांच्या मधे सगळी छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. ड्रेसाजमध्ये ज्याला कलेक्शन म्हणतात त्यात मागच्या पायांचे सांधे जास्त वाकतात, पुठ्ठा खाली येतो, ही झोळी वर उचलली जाते आणि पुढचे पाय मोकळे होतात. वजन उचलायला लागणारे हे स्नायू तयार व्हायला वेळ लागतो, त्याला काही इलाज नाही. शिवाय मणक्यांची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. कोवळ्या घोड्याकडून घाईनं काम करून घेतल्याची किंमत पाठ आणि गुडघे चुकवतात, आणि ते माझ्या टेबलावर येतं.

जुनी मांड यांनी शोल्डर-इनचा उल्लेख केलाय म्हणून सांगते, माझ्या दृष्टीनं तो पाठीच्या उपचाराचा भाग आहे. लंगडेपणातून बरे झालेल्या घोड्यांना मी वॉकमध्ये थोडा थोडा शोल्डर-इन लिहून देते. मात्र थोडाच. पाच-सहा पावलं, मग सरळ.

खोगीरवेडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर प्रिंट काढून ठेवलंय. "मिळाल्यावर थांबणं अवघड" हे वाचल्यावर बाई दर थोड्या वेळानं "पुरे" का म्हणतात ते लक्षात आलं.

अजून दोन शंका. माझे खुब्याचे सांधे आखडलेले आहेत, दिवसभर खुर्चीचं काम. उजवी मांडी तर उघडतच नाही, आणि उजवीकडच्या वर्तुळावर मी नेहमी बाहेर घसरते. हे सुटेल का? आणि शोल्डर-इन नेमकं काय आहे ते साध्या शब्दांत कुणी सांगेल का? आकृत्या बघून जास्तच गोंधळ होतो.

जुनी मांड:

ताई, खुब्याचं सुटेल, पण घोड्यावर बसून जोर लावून सुटणार नाही. मांडी उघडायला गेलात की ढुंगण आवळलं जातं आणि तुम्ही खोगिरावरून वर उचलल्या जाता. उलट करा. लंजवर वॉकमध्ये एक मांडी खोगिरापासून बाजूला, अगदी हातभर नको, चार बोटं, उचला आणि सोडून द्या. सोडताना श्वास सोडा. मग दुसरी. बाईंना हे माहीत असणारच.

घसरण्याचं कारण मात्र निम्मं तुमचं आणि निम्मं घोड्याचं असेल. प्रत्येक घोडा जन्मतः थोडा वाकडा असतो. एका बाजूला सहज वाकतो, तिला पोकळ बाजू म्हणतात, दुसरीकडे लाकडासारखा. त्यामुळे स्वाराला आपोआप एका बाजूला ढकललं जातं. आपणही एका हाताचे असतोच, म्हणजे दोन वाकडेपणांची गाठ पडते. श्टाइनब्रेख्ट यांचं सगळ्यात गाजलेलं सांगणं हेच होतं: घोडा पुढे न्या आणि त्याला सरळ करा. फ्रान्सचे सेनापती लोत तर बोशे आणि त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी दोर (d'Aure), अशा दोघांकडेही शिकले. सोम्यूरच्या घोडदळ शाळेचे ते प्रमुख होते. त्या सगळ्याचं सार म्हणून त्यांनी तीन शब्द ठेवले: शांत, पुढे, सरळ. क्रमही तोच. शांत नसलेल्या घोड्याला पुढे काढलं तर तो पळतो, आणि पुढे न जाणाऱ्याला सरळ करता येत नाही. तिसऱ्या शब्दावर मी अजून रोज काम करतो आणि त्याचा मला कंटाळा आलेला नाही.

आता शोल्डर-इन. आकृत्या बाजूला ठेवा. फ्रान्सच्या द ला गेरिनियेर यांनी अठराव्या शतकात हा व्यायाम भिंतीच्या कडेनं सरळ रेषेत बसवला. त्याआधी असं काम वर्तुळावर करत. घोडा भिंतीला समांतर चाललाय. त्याचे मागचे पाय आपल्या वाटेवर तसेच राहतात, खांदे मात्र जेमतेम पाऊलभर आत आणायचे. शरीर किंचित आत वाकलेलं, पण जायचं भिंतीच्या कडेनंच. असं चालताना आतला मागचा पाय पोटाखाली, वजनाच्या दिशेनं पडतो आणि वाकतो. डॉक्टरताईंनी सांगितलेलं मागे वजन घेणं इथून सुरू होतं. नवशिक्यांकडून बहुतेक वेळा नुसती मान आत वळते आणि खांदे आहेत तिथेच राहतात. तुम्ही बाईंना समोरून बघायला सांगा. आतला मागचा पाय आणि बाहेरचा पुढचा पाय एकाच रेषेत दिसले, म्हणजे एकूण तीन माग दिसले, की बरोबर.

तयारी आत्तापासून करता येईल. लंजवर वॉक करताना डोळे मिटा, आणि आतला मागचा पाय उचलला असं वाटेल तेव्हा मोठ्यानं "आतला" म्हणा. बाईंनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. ते जमलं की ट्रॉटमध्ये. तिथे पाय तिरप्या जोडीनं पडतात, त्यामुळे ठेका ओळखायला सोपा, पण सांगायला वेळ फार थोडा मिळतो. मग लगाम हातात आल्यावर कोपऱ्याचा उपयोग करा. कोपरा वळून लांब भिंतीला लागतानाच्या पहिल्या पावलाला घोड्याचे खांदे तसेही जरा आत असतात. नेमकं तेव्हा बाहेरच्या लगामानं पुढचं वळण थांबवायचं आणि आतल्या पोटरीनं पुढे मागायचं. दोन-तीन पावलं मिळाली की वर्तुळात निघून जायचं आणि त्याला लांब लगाम द्यायचा.

सुरुवात घोड्याच्या सोप्या बाजूनं करा. उजवीकडे तुम्ही घसरता म्हणता, म्हणून तो कोणत्या बाजूला पोकळ आहे ते आधी बाईंना विचारून घ्या, आणि काय म्हणाल्या ते इथे लिहा.